तीमारदार

लखनौच्या रुग्णालयांत सतत कानी पडणाऱ्या एका शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘तीमारदार’ हा तो शब्द. फारसीत ‘तीमार’ म्हणजे आजाऱ्याची शुश्रूषा. त्याच शब्दाला काळजीची आणि दुःखाचीही छटा आहे. ती शुश्रूषा, ती काळजी जो वाहतो तो तीमारदार. मराठीत ‘रुग्णाचे नातेवाईक’ असे म्हणतात, पण त्यातून केवळ नाते कळते, काम कळत नाही. लखनौच्या ट्रॉमा सेंटरबाहेर सतरंजी अंथरून, उशाशी औषधांची पिशवी आणि क्ष-किरणांची फिल्म ठेवून, आतून आपल्या रुग्णाचे नाव पुकारले जाण्याची वाट पाहणाऱ्या माणसाला नातेही असते आणि कामही असते. अतिदक्षता विभागाचा इतिहास सहसा यंत्रांचा आणि डॉक्टरांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्या विभागाच्या दाराबाहेरच्या या माणसाचाही एक इतिहास आहे, आणि वैद्यकशास्त्राने त्याची दखल बरीच उशिरा घेतली.

लखनौचे किंग जॉर्ज मेडिकल कॉलेज गोमतीकाठी, १८५७ च्या युद्धात उडवून दिलेल्या मच्छी भवन किल्ल्याच्या जागी उभे आहे. पुढे पंचम जॉर्ज म्हणून गादीवर आलेल्या युवराजाने २६ डिसेंबर १९०५ रोजी त्याची कोनशिला बसवली, सर स्विंटन जेकब यांनी घुमट-कमानींची इमारत रेखली आणि १९११ मध्ये अध्यापन सुरू झाले. मराठी वाचकाला या संस्थेविषयी आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. तिचे विद्यापीठ झाल्यानंतर काही वर्षे ती ‘छत्रपती शाहू महाराज वैद्यकीय विद्यापीठ’ या नावाने ओळखली जात होती. २०१२ मध्ये जुने नाव परत आले. सत्ता बदलली की पाट्या बदलतात. खाटा, परिचारिका आणि बाहेरची सतरंजी यांना त्याने फारसा फरक पडत नाही.

ते रुग्णालय सुरू झाले त्या काळी ‘अतिदक्षता’ ही कल्पनाच जगात कोठे नव्हती. गंभीर रुग्णाला परिचारिकेच्या टेबलाजवळची खाट द्यायची, एवढीच काय ती दक्षता. भारतीय रुग्णालयांत तर अर्धी शुश्रूषा घरचेच करीत. पेज भरवणे, कूस बदलणे, पंखा हलवणे, रात्री जागणे ही कामे आई, बायको किंवा धाकटा भाऊ करी. घरच्या माणसाला खाटेपासून दूर करण्याचे कारणच नव्हते, कारण त्याच्याहून जास्त काही करण्याचे साधन रुग्णालयापाशीही नव्हते.

हे चित्र पालटले १९५२ च्या उन्हाळ्यात, कोपनहेगन येथे. पोलिओची अशी साथ त्या शहराने पूर्वी पाहिली नव्हती. जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांत ब्लेगडॅम रुग्णालयात पोलिओचे सुमारे २,७०० रुग्ण दाखल झाले आणि त्यांतील तीनशेहून अधिक जणांच्या श्वसनाच्या किंवा गिळण्याच्या स्नायूंना लकवा झाला. रुग्णालयापाशी संपूर्ण शरीर आत घेणारे लोखंडी श्वसनयंत्र एकच होते. छातीवर बसवण्याची लहान यंत्रे सहा. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रुग्णांवर उपचार झाले आणि २७ दगावले. रक्तात बायकार्बोनेट वाढलेले दिसे, तेव्हा शरीरात अल्क साचले असावे असा डॉक्टरांचा समज होता. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला पाचारण केल्यावर त्याने त्याच आकड्याचा वेगळा अर्थ लावला. अल्क साचलेले नाही, कार्बन डायॉक्साइड साचला आहे. रुग्ण श्वास सोडू न शकल्यामुळे मरत आहेत, आणि बायकार्बोनेट हा त्या साचलेल्या आम्लाला शरीराने दिलेला प्रतिसाद आहे. एकच मोजमाप, दोन परस्परविरोधी निदाने. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हे उदाहरण जपून ठेवण्यासारखे आहे.

२७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छिद्र करवून इब्सेनने तिथे नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरण्यास सुरुवात केली. मुलगी वाचली. आता प्रश्न हातांचा होता. यंत्रे नव्हती, आणि रुग्ण तर एका वेळी सत्तरपर्यंत होते. मग वैद्यकशाखेचे विद्यार्थी बोलावण्यात आले, ते पुरेनात तेव्हा दंतवैद्यकाचे. सुमारे पंधराशे विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, सर्व मिळून १,६५,००० तास त्या पिशव्या दाबल्या. रुग्णांत लहान मुले बरीच होती. विद्यार्थी एका हाताने श्वास देत आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरून मुलांना गोष्टी वाचून दाखवत. मृत्यूचे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या वरून घसरत निम्म्याहूनही खाली आले. पुढल्या वर्षी, डिसेंबर १९५३ मध्ये, इब्सेनने कोपनहेगनच्याच दुसऱ्या एका रुग्णालयात सर्व प्रकारच्या गंभीर रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. जगातील पहिला अतिदक्षता विभाग म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

या विभागाच्या मुळाशी व्हेंटिलेटर नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसलेले एक माणूस होते. यंत्र नंतर आले आणि त्या माणसाच्या जागी बसले.

डेन्मार्कमध्येच हेनिंग रूबेन हा भूलतज्ज्ञ आणि होल्गर हेसे हा अभियंता यांनी आपोआप फुगणारी पिशवी तयार केली. तिच्या पहिल्या नमुन्यात सायकलच्या चाकाच्या तारा वापरल्या होत्या असे सांगतात. १९५६ मध्ये ती ‘अ‍ॅम्बू’ या नावाने बाजारात आली. सिलिंडर नसला तरी भोवतालची हवा ओढून घेणारी ही पिशवी आज भारतातील रुग्णवाहिकांतही असते. तिच्याकडे पुन्हा यावे लागेल.

भारतात गंभीर रुग्णाला वेगळे ठेवण्याची गरज पोलिओइतकीच, कदाचित त्याहून अधिक, धनुर्वाताने दाखवून दिली. मुंबईच्या रुग्णालयांत धनुर्वाताचे रुग्ण इतके येत, की १९५९ मध्ये पटेल आणि जोग या डॉक्टरांनी त्यांची तीव्रता ठरवण्याची एक साधी पद्धत मांडली. जबडा मिटणे, आचके येणे, जखमेपासून लक्षणापर्यंतचा काळ सात दिवस किंवा त्याहून कमी असणे, पहिल्या लक्षणापासून पहिल्या आचक्यापर्यंतचा काळ ४८ तासांच्या आत असणे आणि ताप, या पाचांपैकी किती गोष्टी हजर आहेत त्यावरून श्रेणी ठरे. प्रयोगशाळा नको, यंत्र नको. पण तिच्यासाठी घरच्यांना नीट विचारावे लागे. जखम केव्हा झाली, तोंड उघडेना हे प्रथम कोणाच्या लक्षात आले, याची उत्तरे रुग्ण देऊ शकत नसे. पटेल-जोग श्रेणी आजही धनुर्वाताच्या पाठ्यपुस्तकांत आढळते.

त्याच धनुर्वाताने घरच्यांना दूरही केले. आवाजाने, प्रकाशाने, साध्या स्पर्शानेही आचका येतो. म्हणून अंधाऱ्या, शांत खोलीत रुग्णाला ठेवायचे आणि कोणाला आत येऊ द्यायचे नाही. पुढे स्नायू शिथिल करणारी औषधे आणि श्वसनयंत्र यांच्या साह्याने हे रुग्ण वाचू लागले. मुंबईत डॉ. फारोख उदवाडिया यांनी धनुर्वातावर दीर्घकाळ काम केले आणि १९७० च्या सुमारास ब्रीच कँडी रुग्णालयात देशातील आरंभीच्या अतिदक्षता विभागांपैकी एक उभा केला. या विषयाच्या डॉक्टरांची राष्ट्रीय संघटनाही १९९३ मध्ये मुंबईतच स्थापन झाली. जंतुसंसर्गाची भीती, यंत्रांची गर्दी आणि कामाची घाई यांमुळे दार बंद ठेवणे हाच नियम झाला. सकाळी पंधरा मिनिटे, संध्याकाळी पंधरा मिनिटे, एका वेळी एकच माणूस, चपला बाहेर.

लखनौत रायबरेली रस्त्यावर १९८३ च्या कायद्याने संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था आकाराला आली आणि पूर्व उत्तर प्रदेश, बिहार, नेपाळ येथून यकृताचे, मूत्रपिंडाचे, मेंदूज्वराचे जटिल रुग्ण तिकडे येऊ लागले. तिथे रुजलेली एक व्यवस्था विशेष लक्षात घेण्यासारखी आहे, कारण तिचा थेट संबंध तीमारदाराच्या पायांशी आहे. सरकारी रुग्णालयात चिठ्ठी हातात पडली की नातेवाइकाने औषध आणण्यासाठी बाहेरच्या दुकानाकडे धावायचे, हा सर्वत्रचा अनुभव. या संस्थेने फिरत्या निधीतून औषधे आणि साहित्य मोठ्या प्रमाणावर, कमी दराने खरेदी करून रुग्णाच्या खात्यातूनच पुरवण्याची पद्धत घातली; नंतर राज्यातील इतर संस्थांनीही तिचे अनुकरण केले. मध्यरात्री तीन वाजता प्रतिजैविकाची कुपी शोधत हिंडणे किती जणांचे वाचले याची मोजदाद कोणी केलेली नसेल, पण हेही अतिदक्षतेचेच काम आहे.

बंद दाराबाहेरच्या माणसाला नेमके काय हवे असते, हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने विचारला गेला तो १९७९ मध्ये. नॅन्सी मोल्टर या अमेरिकन परिचारिकेने गंभीर रुग्णांच्या ४० नातेवाइकांपुढे ४५ गरजांची यादी ठेवली. स्वतःची झोप, स्वतःचे जेवण या गोष्टी वर येतील असे कोणाला वाटले असते. नातेवाइकांनी सर्वांत वर ठेवली ती आशा. त्याखालोखाल, आत काम करणाऱ्यांना आपल्या माणसाची काळजी आहे ही खात्री, आणि बसायची जागा रुग्णाच्या जवळ असणे. संख्या लहान होती, पण प्रश्न नवा होता.

पुढे फ्रान्समध्ये एली आझूले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न नेटाने लावून धरला. २००० मध्ये त्यांनी दाखवून दिले, की डॉक्टरांशी बोलणे झाल्यावरही सुमारे निम्म्या कुटुंबांना निदान, उपचार किंवा पुढची शक्यता यांपैकी काहीतरी समजलेलेच नसते. २००५ मध्ये त्यांनी २१ विभागांतील २८४ नातेवाइकांची तीन महिन्यांनंतर विचारपूस केली. तेव्हा एक तृतीयांश जणांत मानसिक आघातानंतरच्या विकाराची लक्षणे दिसली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांत ज्याची नोंद होते, ते प्रतीक्षालयातल्या बाकावर बसूनही होऊ शकते.

यावर उपाय काय, याचे उत्तर मात्र आश्चर्य वाटावे इतके साधे निघाले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २२ फ्रेंच विभागांतील १२६ मरणासन्न रुग्णांची कुटुंबे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागली होती. एका गटाशी नेहमीप्रमाणे बोलणे झाले. दुसऱ्या गटाशी ठरवून, शांत खोलीत, कुटुंबाचे म्हणणे ऐकून घेत, रुग्ण माणूस म्हणून कसा होता हे विचारत बोलणे झाले आणि एक माहितीपुस्तिका हाती दिली गेली. पहिल्या गटात बैठक साधारण वीस मिनिटे चाले, दुसऱ्यात तीस. पण खरा फरक पुढे आहे: पहिल्या गटात कुटुंबाला बोलायला पाच मिनिटे मिळाली, दुसऱ्यात चौदा. तीन महिन्यांनी आघाताची लक्षणे पहिल्या गटात ६९ टक्के, दुसऱ्यात ४५ टक्के. दहा मिनिटांच्या वाढीव संभाषणाचा असा परिणाम एखाद्या औषधाने दाखवला असता, तर त्याची जाहिरात प्रत्येक वैद्यकीय परिषदेत झळकली असती.

दार बंद ठेवण्यामागचे जंतुसंसर्गाचे कारणही तपासले गेले. फ्लॉरेन्स येथील हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात दोन महिने दार उघडे आणि दोन महिने मर्यादित वेळ, असे आलटून-पालटून करून पाहिले. २००६ मध्ये निष्कर्ष आले. भेटींवर बंधन नसताना विभागातील जंतू वाढले खरे, पण रुग्णांतील संसर्ग वाढला नाही, आणि हृदयाचे गंभीर उपद्रव उलट घटले. २०१९ मध्ये ब्राझीलमधील ३६ विभागांत झालेल्या मोठ्या चाचणीचा निकाल संमिश्र होता. भेटीची वेळ वाढवल्याने रुग्णाचा संभ्रम कमी होईल ही अपेक्षा पुरी झाली नाही. पण नातेवाइकांची चिंता आणि उदासी मात्र कमी झाली. विज्ञान सगळ्याच गोष्टी एका बाजूने सिद्ध करत नाही, आणि या विषयावर भावनेने बोलणाऱ्यांनी हा निकाल विसरू नये.

मात्र पॅरिसचे निष्कर्ष लखनौला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तिथला नातेवाईक वाट पाहतो. इथला वाट पाहतो, पैसे उभे करतो, रक्तदाता शोधतो, नमुना प्रयोगशाळेत पोचवतो आणि कधी कधी श्वासही देतो. व्हेंटिलेटर रिकामा नसेल तेव्हा अ‍ॅम्बू बॅग घरच्यांच्या हाती देण्याचे प्रसंग देशातील सरकारी रुग्णालयांत येत राहिले आहेत, उत्तर प्रदेशही त्याला अपवाद नाही. मिनिटाला पंधरा या गतीने तासाला ९०० वेळा आणि आठ तासांच्या रात्रीत ७,२०० वेळा ती पिशवी दाबावी लागते. घाबरलेला माणूस भराभर दाबतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायॉक्साइड अति कमी होऊन मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. फार जोराने दाबली तर फुप्फुसाला इजा. डुलकी लागली तर काय होईल, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. कोपनहेगनचे विद्यार्थी परके होते, त्यांच्या पाळ्या ठरलेल्या होत्या, आणि पाळी संपली की ते घरी जात. मुलाला श्वास देणाऱ्या बापाची पाळी संपत नाही.

२०२० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठ आणि दिल्लीच्या एका संशोधनसंस्थेने केलेल्या अंदाजानुसार भारतात अतिदक्षतेच्या सुमारे ९५,००० खाटा आणि ४८,००० व्हेंटिलेटर होते. रुग्णालयातील एकूण खाटांत उत्तर प्रदेशाचा वाटा १४.८ टक्के आणि महाराष्ट्राचा १२.२ टक्के. आकडे मोठे दिसतात, ते लोकसंख्येने भागेपर्यंतच.

एप्रिल २०२१ मध्ये हे गणित रस्त्यावर आले. मोठ्या, ‘जंबो’ सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर प्राणवायू असतो. नाकाद्वारे जास्त प्रवाहाने तो देणारे यंत्र मिनिटाला ६० लिटरपर्यंत ओढते. म्हणजे एक सिलिंडर दोन तासही पुरत नाही. घरच्या वापरातील १,५०० लिटरचा लहान सिलिंडर मिनिटाला १० लिटरने अडीच तासांत संपतो. लखनौच्या प्राणवायू भरणा केंद्रांपुढे तीमारदार रांगा लावून उभे राहिले, ते या अडीच तासांच्या हिशेबाने. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन पहिली ‘ऑक्सिजन एक्सप्रेस’ विशाखापट्टणमला निघाली. तीन दिवसांनी दुसरी लखनौहून बोकारोकडे. २४ एप्रिलला एकाच दिवशी नाशिकला आणि लखनौला भरलेले टँकर पोचले. नाशिकमध्ये त्याच्या तीनच दिवस आधी महापालिकेच्या रुग्णालयातील टाकीची गळती होऊन पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले होते. लखनौ आणि मेरठ येथील मृत्यूंच्या बातम्यांची दखल घेत अलाहाबाद उच्च न्यायालयाने ४ मे रोजी म्हटले, की रुग्णालयांना प्राणवायू न पुरवल्याने होणारे मृत्यू हे गुन्हेगारी कृत्य आहे.

त्या काळात आतले दार पूर्णच बंद झाले. अनेकांनी आपल्या माणसाला शेवटचे पाहिले ते कोणा परिचारिकेने समोर धरलेल्या फोनच्या पडद्यावर.

रुग्णाच्या वतीने बोलायचे कोणी, हा प्रश्नही याच इतिहासाचा भाग आहे, आणि त्याचे सर्वांत विलक्षण उत्तर मुंबईतून आले. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या नोव्हेंबरात झालेल्या हल्ल्यानंतर पूर्ववत शुद्धीवर आल्याच नाहीत. बेचाळीस वर्षे त्यांच्या सहकारी परिचारिकांनी, आणि त्या निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी आलेल्यांनी, त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कूस बदलली. उपचार थांबवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने मागणी फेटाळताना अरुणाताईंची खरी जिवलग माणसे म्हणून केईएमच्या कर्मचाऱ्यांना मान्यता दिली. नाते रक्ताचे नव्हते, शुश्रूषेचे होते. आणि ते कायद्याने मोजले. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. त्याच निकालाने विशिष्ट परिस्थितीत जीवनरक्षक उपचार थांबवण्याची वाट उघडली. २०१८ मध्ये घटनापीठाने आधी लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती किचकट प्रक्रिया सोपी केली. रुग्णाने किंवा कुटुंबाने नकार दिल्यास अतिदक्षता विभागात दाखल करू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वेही त्यानंतर केंद्र सरकारकडून आली. लखनौच्या सतरंजीवर मात्र हा निर्णय अजूनही बहुधा कायद्याने नव्हे, पैसे संपल्याने होतो. कागदावर ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेले’ असा शेरा पडतो आणि गाडी सीतापूर किंवा गोंड्याच्या दिशेने निघते.

महाराष्ट्रात बाहेरच्या या माणसाचा विचार डॉक्टरांच्या आधी एका कीर्तनकाराने केला होता. मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या आसपास पदपथावर राहणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी गाडगेबाबांनी धर्मशाळा उभी केली. त्यांच्या पश्चात दादरला उभी राहिलेली धर्मशाळा आजही टाटा रुग्णालयातील कर्करुग्णांच्या कुटुंबांना आसरा देते. ना इंजेक्शन, ना यंत्र. अंथरायला जागा, पाणी आणि स्वस्त जेवण. मोल्टरच्या यादीतील ‘रुग्णाच्या जवळ जागा’ ती हीच. लखनौतही आता रुग्णालयांच्या आवारात रैनबसेरे आहेत, आणि काही स्वयंसेवी संस्था दुपारी तीमारदारांना रांगेत बसवून जेवण वाढतात. गाडगेबाबांचे नावही त्या शहरात आहे: गोमतीनगरमधील संगीत नाटक अकादमीच्या प्रेक्षागृहावर. नाटकाचा प्रयोग संपून तिथले दिवे मालवले जातात, त्या सुमारास ट्रॉमा सेंटरच्या दारावर आतून कोणीतरी एक नाव पुकारतो, आणि सतरंज्यांवरून एकदम चार-पाच जण उठून उभे राहतात.